लाल म्हणजे चालू

धायरी, ३ ऑगस्ट १९९७

दादा,

नमस्कार वगैरे शेवटी करते, आधी काम. मला तुझा सल्ला हवाय आणि फोनवर विचारायची सोय नाही. फोन बाहेरच्या खोलीत, शेजारी खुर्चीत बाबा, आणि तुझ्या सिंगापूरचं नाव निघालं की त्यांचं वर्तमानपत्र डोळ्यांसमोर उभं राहतं. त्यांनी तुला मर्चंट नेव्हीला जाऊ दिलं नाही म्हणून तू त्यांच्याशी बोलणं टाकलंस, तू बोलत नाहीस म्हणून त्यांनी टाकलं. तुम्हा दोघांच्या मधे माझं पोस्ट खातं झालंय. असो.

बातमी अशी, की बाबांच्या कारखान्यात दोन नंबरच्या भट्टीला कॉम्प्युटर बसतोय. आणि त्याचा पडदा मी करणार आहे! म्हणजे ज्या पडद्यासमोर बसून बाबा भट्टी चालवणार, तो. खाजगीवाले साहेबांनी (ते आता वर्क्स मॅनेजर झालेत) बाबांना विचारलं, "अहो, तुमची मुलगी त्या कॉम्प्युटरमध्येच आहे ना?" बाबा म्हणाले, "आहे, पण भांडखोर आहे." एवढ्या शिफारशीवर आमच्या कंपनीला ऑर्डर मिळाली. कंपनी म्हणजे नारायण पेठेत उदबत्तीच्या दुकानावरची एक खोली, तिचे मालक रामदास सर आणि मी. दोघांचाही स्वभाव तिखट, त्यामुळे चहावाला बाहेरूनच कप ठेवून पळतो.

आता प्रश्न. पडद्यावर पंप, झडपा, टाक्या, तापमान हे सगळं दिसायला हवं आणि भट्टीत जे घडेल ते त्याच क्षणी पडद्यावर घडायला हवं. ही चित्रं कशात काढायची? एक, परदेशी तयार पॅकेज, जे तुझी कंपनी सगळ्या आशियाभर बसवत फिरते. त्याच्या ट्रायलच्या फ्लॉप्या आल्यात. दोन, व्हिज्युअल बेसिक घ्यायचं आणि त्यात विकत मिळणारे तयार पंप, तयार मीटर आणून चिकटवायचे. तीन, सी प्लस प्लसमध्ये रेघ न् रेघ स्वतः काढायची. रामदास सर म्हणतात, "तिसरा मार्ग पंचांगात मुहूर्त बघून धर, या जन्मातला नको."

परदेशी पॅकेज मी लावून पाहिलं. दादा, टाकीचं चित्र उचललं, पडद्यावर ठेवलं, तिला एक आकडा जोडला आणि आकडा वाढवला, तर टाकी भरायला लागली रे! मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. तू रोज बघत असशील, तुला काय त्याचं. मला मात्र आपण पाणी निर्माण केल्यासारखं वाटलं.

एक गोष्ट गमतीची नाही. साहेबांनी सांगून टाकलंय, नव्या पडद्यावर ज्याला चालवता येईल तोच भट्टीवर राहील, बाकीच्यांची बदली स्टोअरला. बाबा रिटायरमेंटला आलेत, पण ती भट्टी उभी राहिली त्या दिवसापासून त्यांच्या हाताखाली आहे. त्यांना स्टोअरमध्ये बोल्ट मोजत बसवलं तर ते जेवणार नाहीत, तुला माहितीय. तेव्हा नीट विचार करून लिही.

आता नमस्कार.

भाग्यश्री


धायरी, ३१ ऑगस्ट १९९७

दादा,

तुझं उत्तर नाही. नसू दे, मी कुठे वाट बघतेय! (बघतेय.)

मी व्हिज्युअल बेसिक धरलं. कारण ऐक, आणि मला शाबासकी दे. मी बाबांच्या भट्टीचं जुनं पॅनेल बघायला गेले. आपल्याकडे मोटर चालू असली की लाल दिवा लागतो आणि बंद असली की हिरवा. लाल म्हणजे वीज खेळतेय, हात लावू नका. परदेशी पॅकेजमधले पंप बरोबर उलटे, चालू असला की हिरवा! ते रंग आत घट्ट बसवलेले, बदलायची सोय मला तरी सापडली नाही. म्हणजे बाबा जन्मभर ज्याला बंद समजले त्याला पडद्यावर चालू म्हणायचं. मी म्हटलं, हे चालणार नाही. व्हिज्युअल बेसिकमध्ये मी माझे पंप घेतले आणि लाल म्हणजे चालू, हिरवा म्हणजे बंद, असं बाबांच्या पॅनेलप्रमाणे सगळं केलं. रामदास सरसुद्धा म्हणाले, "अरे वा, मेंदू वापरलास की काय आज?"

काय देखणा झाला होता पडदा! काळ्या रंगावर टपोरे गोल पंप, जागच्या जागी लालाचे हिरवे होतायत. परवा शिफ्ट संपल्यावर बाबांना कारखान्याच्या ऑफिसात बोलावलं आणि दाखवला. बाबा बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "छान आहे. नावं मोठी कर."

मी एक पंप बंद केला आणि विचारलं, "बाबा, तेलाचा पंप आता चालू की बंद?"

"तू बनवलंयस, तूच सांग."

"तसं नाही बाबा, साहेब तुम्हालाच विचारणार आहेत."

ते पुढे वाकले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खणखणीत आवाजात म्हणाले, "चालू."

पंप हिरवा होता, दादा. बंद होता. वाटलं, काचेवर उजेड आला असेल. दुसरा पंप विचारला, तोही चुकला. मग ते उठले आणि "बस निघेल माझी" म्हणून गेले. बस सुटायला पुष्कळ अवकाश होता.

मला काही सुचत नाहीये. चष्म्याचा नंबर बदलला असेल का?

भाग्यश्री


धायरी, ७ सप्टेंबर १९९७

दादा,

हे पत्र बसून वाच.

परवा आईबरोबर मंडईत गेले होते. टोमॅटो निवडता निवडता मी तिला म्हटलं, बाबांचे डोळे तपासून आणू, त्यांना पडदा दिसत नाहीये. आई टोमॅटो पिशवीत टाकत राहिली. म्हणाली, "कायले तपासायचे? दिसते त्यांले सगळं. लाल-हिरवं तेवढं नाही कळत." कशी, तर भाजीवालीला "कोथिंबीर ताजी आहे का" विचारावं तशी! तीस वर्षं पुण्यात काढून आईचं वर्ध्याचं बोलणं गेलं नाही, पण एवढी मोठी गोष्ट ती तितकी वर्षं पोटात ठेवून बसली होती. बाबा मंडईत नेहमी पिशवी धरून का उभे राहायचे आणि एक फळही का उचलायचे नाहीत, ते मला तेव्हा कळलं. पिकलेला टोमॅटो आणि कच्चा टोमॅटो त्यांना सारखाच दिसतो.

बाबांना लहानपणापासून रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं, हे तुला माहीत होतं? मला नव्हतं. वर्ध्याहून ते भरतीला गेले, सगळ्यात पास झाले आणि डोळ्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी त्यांच्यापुढे रंगीत लोकरीचे गुंडे टाकले. यातले हिरवे काढ. बाबांनी काढले. सगळी खोली हसली म्हणे. बाबांना तोवर माहीतच नव्हतं की आपल्याला वेगळं दिसतं. ते घरी गेलेच नाहीत, तिथून थेट पुण्याला आले आणि कारखान्यात लागले.

आणि दादा, आईनं पुढचं सांगितलं ते तुझं आहे. तू मर्चंट नेव्हीचं काढलंस तेव्हा बाबांनी चौकशी केली. तिथेही डोळ्यांची तीच तपासणी असते. बाबा आईला म्हणाले, "माझं रक्त आहे, त्यालाही तसंच असणार. पोराला त्या खोलीत मी उभं करणार नाही." तुला कारण सांगायचं म्हणजे स्वतःचं सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा तुझ्या शिव्या परवडल्या त्यांना. तू "मला घरात बांधून ठेवायचंय यांना" म्हणून ओरडलास आणि ते खाली मान घालून बसले होते, आठवतंय? मी तेव्हा तुझ्या बाजूनं होते.

आता तू म्हणशील, मग हा माणूस भट्टी कशी चालवतो? मीही तेच म्हणाले. काल साहेबांची परवानगी काढून मी अख्खी शिफ्ट त्यांच्या शेजारी उभी राहिले, कारण काहीतरी सांगून. जुन्या पॅनेलवर प्रत्येक पंपाला दोन दिवे आहेत, वर लाल, खाली हिरवा. चालू असला की वरचा पेटतो, बंद असला की खालचा. बाबा रंग बघतच नाहीत! वरचा पेटलाय की खालचा, एवढंच बघतात. चौकातल्या सिग्नलला तेच करतात. आपल्याला त्यांनी स्कूटरवर सगळं पुणं हिंडवलं ते वरचा दिवा आणि खालचा दिवा बघून. मी त्यांच्याकडे बघत राहिले, दादा. या माणसानं सगळं जग स्वतःच्या सोयीनं पुन्हा मांडून घेतलंय आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही.

आणि मी काय केलं? ते दोन दिवे काढून एक गोल ठेवला, जो जागच्या जागी रंग बदलतो. त्यांच्या पायाखालची फळीच काढून घेतली, आणि वर शाबासकी मागितली.

भीतीही वाटतेय. तेलाचा पंप बंद पडला आणि कळलं नाही, तर तेल थंड राहणार नाही आणि तापलेला माल त्यात उतरताना भडका उडेल. तिथे माणसं असतात. साहेबांना सांगितलं तर बाबांची रवानगी स्टोअरला, उद्याच्या उद्या. नाही सांगितलं आणि पडदा चुकला तर मी कुणाला तोंड दाखवू? मी एवढंच ठरवलंय, की पडदा असा करायचा की रंग काढून घेतला तरी चुकणार नाही. तसा जमला नाही, तर मी स्वतः साहेबांकडे जाईन.

या वेळी तरी उत्तर दे.

भाग्यश्री


धायरी, ५ ऑक्टोबर १९९७

दादा,

तुझं पत्र आलं. बाबांबद्दल एक अक्षर नाही आणि चित्र पडद्यावर लुकलुकू नये म्हणून काय करावं यावर, मी न विचारता, दोन पानं! धन्य आहेस. पण तू पत्र टाकलंस यातच मला सगळं आलं, आणि तुझी युक्ती नामी निघाली, म्हणून माफ.

मी तिसरा मार्ग धरला. सी प्लस प्लस, रेघ न् रेघ स्वतःची. विकतच्या पंपांना रंगापलीकडे काही येतच नाही. रामदास सर भडकले. "कारखान्यानं तुला पंपाचं चित्र काढायला सांगितलंय, पंप ओतायला नाही." खरं कारण सांगता येईना. मी थाप मारली, की कारखान्याचा प्रिंटर काळा-पांढरा आहे, पडदा कागदावर छापला तर कुठला पंप चालू ते कळायला हवं. सरांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मग माळ्यावर चढले आणि धूळ खात पडलेला एक जुना काळा-पांढरा मॉनिटर काढून माझ्या टेबलावर आदळला. "घे. यावर कळलं तर प्रिंटरवर कळेल." त्यांना काय कळलंय आणि काय नाही, ते मी विचारलं नाही.

तो मॉनिटर जोडला आणि माझा तो ऑगस्टमधला देखणा पडदा त्यावर लावला. दादा, सगळे पंप एकाच करड्या रंगाचे! चालू तोच, बंद तोच. मी पंप बंद करतेय, चालू करतेय, आणि समोर काहीच हलत नाहीये. बाबांना अगदी असंच दिसत नसेल, त्यांना निळं-पिवळं दिसतं. पण त्या ऑफिसात चष्मा पुसताना त्यांच्यापुढे काय होतं ते मला दिसलं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले, आणि सर बाहेर जाऊन स्वतः चहा घेऊन आले.

तेव्हापासून माझा रंगीत मॉनिटर कपाटावर पडून आहे. सगळं काम त्या करड्यावर. चालू पंपाची पाती फिरतात. बंद पंपाची थांबतात आणि त्यावर जाड फुली येते. झडप उघडी असली की तिची दांडी पाइपच्या दिशेनं, मिटली की आडवी. धोका झाला की त्या यंत्राची चौकट पडद्याच्या वरच्या बाजूला जाऊन बसते, शांत असेल तर खाली. रंग आहेत, पण ते इतरांसाठी.

आधी दर वेळी चित्र पुसून पुन्हा काढताना सगळं इतकं लुकलुकत होतं की डोळे फुटायची वेळ आली. मग तू लिहिलंस तसं केलं. अख्खं चित्र आधी मेमरीत, कुणाला न दाखवता पूर्ण काढायचं आणि मग एकदम पडद्यावर ठेवायचं. दादा, काय सांगू! लुकलुक थांबली आणि पाती फिरायला लागली, संथ, अखंड. कारखान्यात नेऊन भट्टीच्या कंट्रोलरची वायर जोडली आणि तिकडे शॉपमध्ये, भट्टीपाशी, खरा पंप सुरू झाला त्याच क्षणी इथे माझा फिरला. मला एकदम हात जोडावेसे वाटले, कुणाला ते कळेना.

बाबांना दाखवलं. या वेळी मी काहीच विचारलं नाही. तेच बोट ठेवून सांगत गेले, "हा चालू. हा बंद. ही उघडी. हा चालू." सगळे बरोबर. एकही चुकला नाही. मग माझ्याकडे वळून बघत राहिले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. म्हणाले, "चहा घेतेस?"

भाग्यश्री


धायरी, १९ ऑक्टोबर १९९७

दादा,

काल साहेबांपुढे पडदा मांडला. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

खाजगीवाले साहेबांनी पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "हे काय आहे? बालवाडी? भिंगऱ्या काय, फुल्या काय!" मग खिशातून परदेशी पॅकेजचं चकचकीत माहितीपत्रक काढून टेबलावर ठेवलं. "पंप असे असतात. परदेशी पाहुणे येणार आहेत आमचे, त्यांना का मी ही रांगोळी दाखवू? रामदासराव, काम थांबवा. मी हेच मागवतो."

मी माझं प्रिंटरचं पुराण लावलं. साहेब म्हणाले, "मग रंगीत प्रिंटर घेऊ की. तुमच्या रांगोळीपेक्षा बरा." सगळे हसले. रामदास सर कागद आवरायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं होतं. तोंडाशी आलेलं खरं कारण मी गिळलं, कारण बाबा तिथेच दाराशी उभे होते, युनिफॉर्ममध्ये, टोपी हातात.

बाबा पुढे आले.

"साहेब, पोरीला बोलू नका. हे तिनं माझ्यासाठी केलंय. मला लाल-हिरवं कळत नाही."

कुणी हसलं नाही. साहेबांना आधी समजलंच नाही. "कळत नाही म्हणजे?"

"दिसत नाही. सारखंच दिसतं. पहिल्यापासून."

"आणि तुम्ही इतकी वर्षं भट्टी चालवताय? मेडिकल नव्हतं का झालं?"

"झालं होतं ना. छाती फुगवून घेतली होती."

बाबा पडद्यासमोर बसले आणि मला म्हणाले, "तो करडा मॉनिटर आणलायस ना? जोड." मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं, दादा! त्या मॉनिटरचं नाहीच, मला त्यांचं कळलंय हेही नाही. नंतर विचारलं तर म्हणाले, "सरांनी सांगितलं. आणि तुझं तर मला त्या फिरत्या पंपाकडे बघूनच कळलं होतं."

मॉनिटर जोडला. बाबा म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगा काय बंद पाडायचं." साहेब शॉपमध्ये माणूस पाठवून एकेक यंत्र बंद करवत गेले, न सांगता. बाबा प्रत्येक वेळी नाव घेत गेले आणि पुढे काय करायचं तेही करत गेले. शेवटी बाबांनी साहेबांना खुर्ची दिली. "आता तुम्ही बसा. या मॉनिटरवर ते परदेशी पंप लावा आणि मला सांगा कुठला चालू आहे." ट्रायलची फ्लॉपी माझ्याकडे होतीच, लावली. साहेब वाकले. चष्मा काढला, पुसला. मग माहितीपत्रक घडी करून खिशात घातलं आणि म्हणाले, "पडदा आहे तसाच राहू दे. सगळ्या भट्ट्यांना हाच करा."

दारातून वळून बाबांना म्हणाले, "पण तुम्हाला मात्र मला डॉक्टरांकडे पाठवावं लागेल. माझा नाइलाज आहे."

"पाठवा," बाबा म्हणाले.

ज्या खोलीत तुला उभं करायचं नाही म्हणून त्यांनी तुला गमावलं, तशाच खोलीत ते स्वतःहून, सगळ्यांदेखत उभे राहिले. मी एवढा मोठा माणूस दुसरा पाहिला नाही. आणि तो आपल्या घरात खुर्चीत बसून पेपर वाचतो.

भाग्यश्री


धायरी, २६ ऑक्टोबर १९९७

दादा,

डॉक्टरांकडे मी बरोबर गेले. आता लोकरीचे गुंडे नसतात. ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक असतं, त्यात आकडे लपलेले. मला सगळे दिसत होते. बाबा प्रत्येक पान शांतपणे बघायचे आणि म्हणायचे, "नाही. पुढचं." कुणी हसलं नाही.

डॉक्टरांनी साहेबांना कळवलंय की हे जन्मापासूनचं आहे, वाढत नाही, कमी होत नाही. साहेबांनी बाबांना नव्या पडद्यावर, दोन नंबरच्या भट्टीवर कायम ठेवलंय. जुन्या पॅनेलवर मात्र बसायचं नाही म्हणे! जिथे आयुष्य काढलं तिथेच मनाई. बाबांना त्याचं हसू आलं.

पण मी हे सगळं त्यासाठी लिहीत नाहीये. उठता उठता बाबांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "हे मुलाला येतं का?"

डॉक्टर म्हणाले, "बापाकडून मुलाला नाही येत. येतं ते आईच्या बाजूनं. तुमच्या मिसेसच्या माहेरी कुणाला आहे का?"

"नाही," बाबा म्हणाले.

"मग काळजी सोडा."

बाबा परत खाली बसले. डॉक्टरांना वाटलं चक्कर आली, त्यांनी पाणी मागवलं. बाबांनी ते घेतलं नाही. स्कूटर मी चालवली. सिंहगड रोडवर अख्ख्या वाटेत त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला नाही. घरी आल्यावर आईनं विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? तर तिला उत्तर न देता माझ्याकडे वळले.

"श्रीधरला पत्र लिहितेस ना तू? त्याला लिही, त्याचे डोळे चांगले होते."

लिहिलं, दादा.

भाग्यश्री